दीड फेऱ्यांचं ओवाळणं

कुंदा,

तुझं ऑक्सिजनचं यंत्र काल परत गेलं. न्यायला आलेल्या माणसानं वायर गुंडाळता गुंडाळता विचारलं, "काका, केटला महिना चाल्युं?" मी म्हटलं, चौदा. तो म्हणाला, "सरस चाल्युं." छान चाललं म्हणे. मी त्याच्या अंगावर ओरडणार होतो, पण त्याचं तरी काय चुकलं? यंत्र खरंच छान चाललं. चौदा महिन्यांत एकदाही बंद पडलं नाही. आता ते गेल्यावर घर इतकं गप्प झालंय की शेजारच्या पटेलांच्या कुकरच्या शिट्ट्या मी मोजत बसतो. तू असतीस तर म्हणाली असतीस, चला, यांना मोजायला काहीतरी मिळालं.

तू गेलीस त्याला आज सोळा दिवस झाले. तेराव्याला आलेले लोक काय काय बोलून गेले. फार सोशीक होती, कधी कुणाला उलटून बोलली नाही. मी ऐकून घेतलं. छत्तीस वर्षं जिच्याशी रोज भांडलो ती सोशीक कुठली? माझी जीभ साताऱ्याकडची, तुझ्या माहेरची आमटी गोड, आणि त्या आमटीतल्या गुळाच्या खड्यावरून आपण लग्नाच्या दुसऱ्या दिवशी जे भांडायला लागलो ते या दिवाळीपर्यंत. तुझे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, तुमचं घर रावपुऱ्यात तीन पिढ्यांचं. भांडण अंगाशी आलं की तुझं ठरलेलं वाक्य असे, "आम्ही बडोद्याचे. तुम्ही नोकरीपायी आलेले." आलो होतोच ना बाई. बाजव्याकडच्या रिफायनरीत इन्स्ट्रुमेंटवाला म्हणून लागलो आणि तिथूनच रिटायर झालो. काटे बघायचे, आकडे लिहायचे, पुढच्या शिफ्टला चार्ज द्यायचा. मला तेवढंच येतं. तुझं आजारपण आलं तेव्हा मी तेवढंच केलं.

मोठ्या डॉक्टरांनी तुझ्या छातीचा फोटो काचेवर लावून सांगितलं, फुफ्फुसं राठ होत चालली आहेत. मी विचारलं, दुरुस्ती? ते म्हणाले, दुरुस्ती होत नाही, त्रास कमी करता येतो, त्याचं काम करणारी माणसं वेगळी आहेत, ती घरी येतात. मला ते ऐकूनच राग आला होता. दुरुस्त होत नाही तर यायचं कशाला? आणि येणार तेही एक नाही, तिघं. डॉक्टर, नर्स पारुलबेन आणि व्यायाम शिकवणारी हेतल. दर सोमवारी सकाळी एकत्र यायचं, पेशंटच्या समोर बसून बोलायचं, पाठीमागे काही ठरवायचं नाही, ही त्यांची पद्धत.

पहिल्या सोमवारी मी तयारीत होतो. वहीत रकाने आखले होते. वेळ, ऑक्सिजन मोजणाऱ्या बोटावरच्या मशीनचा आकडा, यंत्र किती लिटरवर, शेरा. मी वही डॉक्टरांपुढे धरली. त्यांनी ती घेतली, मांडीवर उपडी ठेवली आणि तुझ्याकडे वळून विचारलं, "काकी, सौथी वधारे तकलीफ शेनी छे?" सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो. तू माझ्याकडे बोट केलंस आणि म्हणालीस, "आमनी." यांचा. पारुलबेन तोंडाला पदर लावून हसली. तूही हसलीस, हसता हसता खोकलीस, आकडा चौऱ्याऐंशीवर घसरला आणि मी वही परत मागून तो लिहून घेतला.

त्या तिघांचे उपकार मी कसे फेडू ते मला कळत नाही, कुंदा. हेतलनं तुला श्वास सोडायला शिकवलं, गरम चहावर फुंकर घालतात तसा, ओठ बारीक करून. केस विंचरायचे तर कोपर टेबलावर टेकून, आंघोळ प्लास्टिकच्या स्टुलावर बसून, आणि दम लागला की छोटा पंखा सरळ तोंडावर. मला वाटलं होतं, पंख्यानं काय होणार? पंख्यानं होत होतं. पारुलबेननं मॉर्फिनची अर्धी गोळी काढली तेव्हा मी तिला दारातच अडवलं होतं. ती शेवटची असते, एवढंच मला ठाऊक होतं. डॉक्टर मला गॅलरीत घेऊन गेले आणि अर्धा तास उभं राहून समजावलं, काका, ही गोळी श्वासाची धास्ती कमी करते, माणूस संपवत नाही. त्या दुपारी तू तीन तास सलग झोपलीस. उठल्यावर कढी मागितलीस. मी केली, तिच्यात गूळ घातला, आणि तू म्हणालीस, "जास्त झाला."

पण माझं आणि त्यांचं एका गोष्टीवरून जमेना. पारुलबेन म्हणायची, काका, ते बोटाचं मशीन कपाटात ठेवा, दिवसातून दोनदा पुरे, मधे काकींच्या तोंडाकडे बघा. तिच्यासमोर मी ठेवायचो. तिची स्कूटर वळली की काढायचो. तू झोपलेली असताना, बोलत असताना, आपल्या लेकाशी, अभयशी पुण्याला फोनवर असताना सुद्धा मी तुझं बोट धरून आकडा बघायचो. एकदा तू वही मागून घेतलीस, शेऱ्याच्या रकान्यात स्वतः लिहिलंस, "बायको अजून आहे." मी ते खोडलं. नोंदवहीत थट्टा नको, म्हणालो. खोडलं तरी वाचता येतंय.

दुसरी गोष्ट दिव्याची. यंत्र घरात आलं त्याच दिवशी मी देवापुढचा दिवा बंद केला. उदबत्ती बंद. स्वयंपाकघराचं दार लावल्याशिवाय गॅस पेटवायचा नाही. ऑक्सिजनजवळ ज्योत म्हणजे काय, ते मी नोकरीत पाहिलंय, तुला कधी सांगितलं नाही. तू तेरा महिने काही बोलली नाहीस. देवाला नुसतं फूल वाहायचीस आणि हात जोडायचीस.

मग दिवाळी आली. पाडव्याचं ओवाळणं तू कधी चुकवलं नव्हतंस. सकाळच्या शिफ्टला असलो तर दुपारी तीनला घरी आल्याबरोबर, अंगाला कारखान्याचा वास असतानाच पाटावर बसवायचीस. आपण दोन दिवस अबोला धरला होता त्या वर्षीसुद्धा तू ओवाळलंस, तोंडानं एक शब्द न बोलता. या वर्षी तू आठ दिवस आधीपासून म्हणत होतीस, "पाडव्याला निरांजन लावायचं हं." मी हूं म्हणत राहिलो आणि मला वाटलं मी फार हुशार, लहरीपुऱ्यात जाऊन बॅटरीवरचा दिवा घेऊन आलो. बटण दाबलं की प्लास्टिकची ज्योत लुकलुकते. पाडव्याच्या सकाळी तो तुझ्या ताटात ठेवला. धोका शून्य, म्हणालो.

तू त्याचं बटण एकदा दाबून बघितलंस. म्हणालीस, "अहो, या खेळण्यानं मी तुमचं आयुष्य मागू?" आणि ताट बाजूला सारलंस. मी चिडलो. असं कर, पुढच्या वर्षी बघू, म्हणालो. हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. तुला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि तरी मी ते बोललो. तू भिंतीकडे तोंड करून पडून राहिलीस. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा पाडवा तसाच गेला.

पुढच्या सोमवारी डॉक्टरांनी नेहमीसारखं विचारलं, काकी, काय राहिलंय? तू म्हणालीस, "यांना ओवाळायचं राहिलंय." मी मधेच म्हटलं, शक्य नाही, याला परमिट मिळणार नाही. मग मला सांगावं लागलं की कारखान्यात जिथे वायू असतो तिथे ज्योत किंवा ठिणगी येणार असेल तर आधी लेखी परवाना लागतो, अटी घालून, सह्या घेऊन. मला वाटलं, संपलं. तर डॉक्टर म्हणाले, "काका, परवाना मिळायला काय काय लागेल? लिहा ना."

मी कागद घेतला. आता मागे हटता येईना. यंत्र बंद करून आतल्या खोलीत. नाकाची नळी काढलेली. दोन्ही खिडक्या उघड्या. अंगावरची साडी बदलून कपाटातली दुसरी, कारण कपड्यात ऑक्सिजन राहतो. एकच वात, थोडंसं तूप, निरांजन स्वयंपाकघरात लावून आणायचं आणि लगेच परत न्यायचं. ओला टॉवेल तयार. वाळूची बादलीही लिहिली, तेव्हा तू म्हणालीस, "ओवाळणीच्या ताटात ठेवू का ती?" शेवटची अट कारखान्यातल्या प्रत्येक परवान्यावर असते तीच लिहिली, धोका वाटल्यास कोणीही काम थांबवू शकतो. तिघांनी सह्या केल्या. डॉक्टरांनी तर खाली हुद्दासुद्धा लिहिला. तू कागद मागून घेतलास आणि वळणदार अक्षरात पूर्ण नाव लिहिलंस. एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांनी माझ्या त्या वेड्या कागदाला मान दिला. मला हसले नाहीत. त्यांच्यापैकी कुणाच्याही हातून माझ्या बायकोचं काही वाईट होणार नाही, हे मला तेव्हा पटायला हवं होतं.

मग हेतलनं पंधरा दिवस तालीम घेतली. नळी काढून अर्धा मिनिट, मग एक मिनिट, मग अडीच. रिकामं ताट, मग ताटात सुपारी, मग सुपारी आणि वाटी. पितळेचं ताट जड म्हणून स्टीलची छोटी थाळी. श्वास सोडताना हात वर, घेताना खाली. तू शाळेतल्या मुलीसारखी मन लावून करत होतीस. मी कोपऱ्यात आकडे लिहीत होतो. हेतल म्हणाली, "काका, त्या दिवशी आकडा मी बघणार. तुम्ही फक्त पाटावर बसायचं." मी कबूल केलं.

तो सोमवार उजाडला. तू जांभळी इरकल नेसलीस, पारुलबेननं निऱ्या करून दिल्या. मी टोपी घातली. अटींप्रमाणे सगळं झालं, एकेक बाब मी स्वतः तपासली. तू स्टुलावर, मी खाली पाटावर. तुझ्या नाकातली नळी निघाली आणि चौदा महिन्यांनी मी तुझा चेहरा नळीशिवाय नीट पाहिला. तू कुंकू लावलंस, बोट थरथरत होतं, ते जरा डावीकडे गेलं. अक्षता टाकल्यास. अंगठी आणि सुपारी ओवाळलीस. पारुलबेननं आतून निरांजन आणून थाळीत ठेवलं. तू थाळी उचललीस. ओठ बारीक करून श्वास सोडलास आणि पहिला फेरा पुरा केलास. माझ्याकडे बघून हसत होतीस. तुला जमत होतं, कुंदा.

दुसरा फेरा अर्ध्यावर आला आणि तुझ्या डाव्या हाताच्या बोटावरचं मशीन माझ्याकडे वळलं. एकाहत्तर. मी ओरडलो, थांबा. पाटावरून उठलो आणि ज्योतीवर फुंकर मारली. ओवाळणीचा दिवा मी तोंडानं फुंकून विझवला. पारुलबेनच्या तोंडून "अरे रे" निघालं. तू थाळी तशीच हातात धरून बसली होतीस.

हेतलनं तुला नळी लावली, तुझा हात मांडीवर ठेवला, दोन्ही तळव्यांत धरून जरा गरम केला आणि पुन्हा बघितलं. सत्त्याऐंशी. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "काका, हात हलत होता ना. आणि थंड पण होता. अशा वेळी ते खोटं दाखवतं." मला कुणी हे सांगावं? तीस वर्षं नव्याने लागलेल्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हेच शिकवलं, थरथरत्या काट्याचं रीडिंग घ्यायचं नाही, आधी काटा स्थिर होऊ द्यायचा. खोटा काटा ओळखणारा माणूस म्हणून कारखान्यात माझं नाव होतं. आणि माझ्या घरात, माझ्या बायकोच्या हातात, मी त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला.

ते तिघं गेल्यावर तू मला जवळ बोलावलंस. मला वाटलं रागावशील. तू नुसतं म्हणालीस, "तुम्ही घाबरलात."

मी काय म्हणालो, आठवतं ना? "घाबरायचं काय त्यात? परवान्यात लिहिलंय, कोणीही थांबवू शकतो." तू "बरं" म्हणालीस आणि माझ्या कपाळावरचं फराटलेलं कुंकू पदरानं पुसून नीट केलंस.

पुढच्या सोमवारी डॉक्टरांनी विचारलं, पुन्हा करायचं का? तू म्हणालीस, "यांना विचारा." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, थंडी वाढलीय, पुढच्या सोमवारी बघू. मला हो म्हणता आलं असतं. निरांजन तिथेच होतं, माणसं होती, तू होतीस. आता मी कितीदा तरी मनातल्या मनात हो म्हणतो. अभयला हे सांगितलं तर तो म्हणाला, बाबा, आईनं तुमच्यावर राग धरला नव्हता. ते मला ठाऊक आहे. तू राग धरला असतास तर बरं झालं असतं, भांडून तरी मिटवलं असतं.

तो पुढचा सोमवार आपल्याला मिळाला नाही. गुरुवारी तू सकाळपासून बरी होतीस. खिचडीचे चार घास खाल्लेस, पारुलबेननं वेणी घातली. ती हात धुवायला आत गेली. तू माझ्याकडे बघून हात पुढे केलास. मी सवयीनं खिशातून मशीन काढलं आणि तुझ्या बोटाला लावलं. एक्याण्णव. मी खूश होऊन म्हटलं, "बघ, झकास." तू डोळे मिटलेस. मी वही ओढली, वेळ लिहिली, आकडा लिहिला, शेऱ्यात "ठीक" लिहिलं. मान वर केली तेव्हा पारुलबेन दारात उभी होती, आणि तिच्या तोंडाकडे बघून मला कळलं.

तू हात धरायला दिला होतास. मी त्याचं रीडिंग घेतलं. पारुलबेन म्हणते, काका, तुम्ही जवळ होतात, काकींना ते पुरे. डॉक्टर काल येऊन बसले, माझ्यासाठी आले होते, वहीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. चांगली माणसं आहेत. त्यांना जे सांगता आलं नाही ते तुला सांगतो.

तू म्हणाली होतीस, तुम्ही घाबरलात. हो, घाबरलो होतो. परवाना नाही, अट नाही, आकडाही नाही. त्या निरांजनाच्या उजेडात तू माझ्यासाठी आयुष्य मागत होतीस, आणि मला समोर दिसत होतं की ते मला तुझ्याशिवाय मिळणार आहे.